हॉर्न, कागदांची पेटी आणि एका चुकलेल्या ओळीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावीस, पितळी वाद्यांच्या पंचकात हॉर्न वाजवणारी आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र सकाळी साडेदहा वाजता, पोटभर नाश्ता करून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी दडपण आणलेले नाही. उलट आई म्हणते, "बरी होऊन आलीस ना, मग आता हे अभद्र कशाला?" तिला उत्तर एवढेच, की घाबरलेली असताना लिहिलेले माझे पहिले मृत्युपत्र मी परवा वाचून पाहिले आणि ते मला पटले नाही.

१. ते पहिले मृत्युपत्र रद्द समजावे. जबड्याखालच्या गाठीच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी ते पाकिटात बंद केले होते. गाठ ओठ हलवणाऱ्या नसेला चिकटलेली होती. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, "गाल फुगवा. दात दाखवा. आता शीळ घाला." शीळ वाजली. तशी बेसूरच, पण वाजली. आठ दिवसांनी अहवाल आला, की गाठ साधी आहे. बाबांना वाचता येत नाही. त्यांनी तो मला तीनदा वाचायला लावला, आणि तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाले, "हं, आता एकदा सावकाश वाच."

२. हॉर्न. ही माझी एकमेव मौल्यवान वस्तू. बाबा वाद्यांचे पोचे काढतात. दुकानात पडलेल्या दोन मोडक्या हॉर्नचे त्यांनी एक केले, भोंगा एकाचा आणि नळ्या दुसऱ्याच्या, म्हणून त्याला दोन रंग आहेत. कॉलेजात मुली त्याला ठिगळ म्हणत. माझ्यानंतर पंचकात जो किंवा जी हॉर्नच्या खुर्चीवर बसेल, त्या व्यक्तीला ते द्यावे. आठवण म्हणून कपाटात ठेवू नये. बाबा म्हणतात, न वाजणारं पितळ म्हणजे नुसतं भांडं.

३. बँकेत जे काही असेल ते धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी. तिने काय शिकावे याची अट नाही. तिला संगीत कंटाळवाणे वाटते, हे तिने माझ्या प्रत्येक कार्यक्रमात घोरून सिद्ध केले आहे. घर माझ्या नावावर नाही, खोली भाड्याची आहे. मामा मला म्हणाले होते, "मुलीच्या जातीने गाल फुगवून भोंगा वाजवायचा? दिसतं कसं ते!" त्यांना पंचकाच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेतली खुर्ची कायमची राखून ठेवावी. कसे दिसते ते त्यांना नीट दिसावे.

४. कागदांची पेटी. पंचकाचे सुरावटींचे कागद सांभाळणे हे हॉर्नवालीचे काम. पेटीत सर्वांत वर पाचशे वर्षांपूर्वीची नृत्ये, म्हणजे नाचासाठी रचलेले संगीत, आहे. ती मुळात आमच्या वाद्यांसाठी नव्हतीच, जुन्या छापील कागदांवरून मी ती पाचांसाठी उतरवली. सर्वांत खाली तीन वर्षांपूर्वी लिहिलेली एक रचना आहे, तिच्यात अख्खे एक पान सूर न काढता नुसती हवा फुंकायची आहे. बाबांना तेच पान सर्वांत आवडते. "हा आमचा भाता," म्हणतात. पेटी ट्रॉम्बोनवाल्या ताईंना द्यावी. त्या वकिलांच्या ऑफिसात टंकलेखन करतात आणि कागद हरवू देत नाहीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

पेटीत एक कागद लाल दोऱ्याने बांधलेला आहे. तो कोणी फाडू नये. त्याची हकिगत अशी.

पहिले ट्रंपेट वाजवणारे ते आम्हा सगळ्यांचे काका. वय अडुसष्ट, टपाल खात्यातून निवृत्त. पंचक त्यांनीच उभे केले, आणि बाबांच्या दुकानात मला वाजवताना ऐकून "ये, आमच्यात बस" असे म्हणणारेही तेच. दोन वर्षांपूर्वी, एका कार्यक्रमाच्या सकाळी, त्यांच्या कागदावर वाद्याचे तेल सांडले. मी मूळ छापील कागदावरून नवी प्रत काढायला बसले. ट्रंपेटचा प्रत्येक सूर कागदावर एक पायरी वर लिहावा लागतो, तरच तो बाकीच्यांशी जुळतो. सगळ्या ओळी मी तशा लिहिल्या. शेवटची ओळ उतरवताना खालून ताई हाका मारत होत्या, आणि ती मी पायरी न चढवता जशीच्या तशी उतरवली.

काकांचा नियम साधा आहे, कागदावर आहे ते वाजवायचं. त्यांनी तेच वाजवले. भरल्या सभागृहात नृत्याचा शेवट नासला. मागून कोणीतरी हसले. सहा आठवडे ते ती ओळ बिनचूक वाजवत आले होते, पण शिकलेल्या पोरीचा कागद चुकेल हे त्यांच्या मनाला शिवलेही नाही. "माझे कान गेले रे," ते पडद्यामागे म्हणाले आणि ट्रंपेट पेटीत ठेवून कुलूप लावले. तेव्हापासून आम्ही दर कार्यक्रमाला ट्रंपेट वाजवणारा उसना आणतो.

दुसऱ्या दिवशी कागद लावताना मला चूक दिसली. सांगायला एक दुपार पुरली असती. घरातली पहिली पदवी भिंतीवर टांगलेली होती, तिच्याखाली उभे राहून "मी चुकले" म्हणायला जीभ उचलेना. एका दुपारची दोन वर्षे झाली.

पहिल्या मृत्युपत्रात मी हे सगळे कबूल केले होते. म्हणजे काकांना आपले कान परत मिळायला मी मरायला हवे होते. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आले तेव्हा मला दोनदा हायसे वाटले, एकदा जगले म्हणून आणि एकदा पाकीट बंदच राहिले म्हणून. त्या दुसऱ्या वेळेची मला पुढे फार लाज वाटली.

मागच्या मंगळवारी मी काकांकडे गेले. ते खिडकीला जाळी बसवत होते. मी कागद पुढे केला आणि एका दमात सांगून टाकले. त्यांनी चष्मा लावला, शेवटच्या ओळीवरून बोट फिरवत ती मनातल्या मनात म्हटली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, ऐकलंस का? माझे कान शाबूत आहेत!"

"मग दोन वर्षं मी हाका मारतेय त्या काय भिंतीला?" काकू आतून म्हणाल्या.

काका हसले. मग हसू मावळले. "दोन वर्षं, पोरी. नातीचं गाणं होतं शाळेत, मी गेलो नाही. म्हटलं, आपल्याला आता काय कळतंय त्यातलं."

मी म्हणाले, "काका, मला माफ..."

"ते नंतर बघू. माझं मन म्हणजे काय ट्रंपेटची कळ आहे, दाबून सोडली की आपोआप वर यायला? आधी ही जाळी धर."

जाळी बसली. त्यांनी पेटीचे कुलूप काढले. दोन वर्षांनी फुंकलेला पहिला सूर बदकासारखा निघाला.

"ओठ गेले हो तुमचे," काकू दारातून म्हणाल्या.

"ओठ येतात परत. कान गेले की येत नाहीत." मग माझ्या मानेवरच्या ताज्या व्रणाकडे पाहून म्हणाले, "तुझेही यायचेत ना अजून? चला, दोघंही नवशिके."

घरी परत येताना मी शीळ घालत होते. या वेळी सूर बरा लागला.

तरी तो कागद पेटीतच राहावा. पंचकाच्या कागदांची प्रत काढायला जो कोणी नवा बसेल, त्याला पहिल्या दिवशी तो दाखवावा. चूक कोणाची, हे आडपडदा न ठेवता सांगावे. माझी.

५. काकांना मी काहीही देत नाही. ताईंच्या ऑफिसातले वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून मी काकांना विचारले, फुंकून मूळ सूर देणारी माझी जुनी पट्टी हवी, की साक्षीदार व्हायचे? "साक्षीदार," ते म्हणाले. "पट्टी कशाला? कान आहेत की मला." आता माझ्या मागे पाकीट उघडून कोणाला कळावे असे माझ्याकडे काही उरलेले नाही. हे लिहिताना हात किती हलका झाला आहे ते अक्षरावरून दिसेलच.

६. माझ्या मागे संथ, रडके काही वाजवू नये. ते जुने नृत्य वाजवावे, त्याच शेवटासह, बरोबर सुरात. चौघांनीच उरकू नये. हॉर्न नसले की मधला सूर रिकामा पडतो आणि ते झाकायला सगळे उगाच जोरात वाजवतात. पाचवे कोणीतरी शोधून आणावे. आणि कोणाचा सूर चुकला, तर माणसाला बोल लावण्याआधी कागद तपासावा.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे आणि मला मान्य आहे. मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: छापखान्याच्या वरची सरावाची खोली
तारीख: सत्तावीस, शुक्रवार, टाके काढल्याला पंधरा दिवस

(सही) पंचकाची हॉर्नवाली

साक्षीदार १: (सही) छापखान्याचे मालक. त्यांच्या आग्रहावरून नोंद, की "वर तो मोठा भोंगा, ट्यूबा, वाजतो तेव्हा खाली माझे छपाईचे खिळे हलतात, हेही लिही."

साक्षीदार २: (सही) पहिले ट्रंपेट

साक्षीदार २ यांच्या पुढे मी "निवृत्त" असा शब्द लिहिला होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला आहे. खाडाखोड मला मान्य आहे.

(सही) पंचकाची हॉर्नवाली