काकांची फुकटची जमीन

७ सप्टेंबर, रविवार
नेपरव्हिलला येऊन महिना होत आला. शिकारीचं मचाण बांधायला अजून एक झाड मिळालेलं नाही. आधीच्या गावी, स्टेट कॉलेजला, काय सुख होतं! लॅब सुटली की धनुष्य गाडीत टाकायचं आणि सरकारी जंगलात शिरायचं. लायसन्स काढलं की झालं, कुणी विचारत नसे. इथे हरणं शेजारणीच्या अंगणात गुलाब खात उभी असतात, पण त्यांना हात लावायचा नाही. पश्चिमेला गाडी काढली तर नुसता मका आणि सोयाबीन, फाटकाफाटकावर प्रवेशबंदीच्या पाट्या. एका शेतकऱ्याला विचारलं. म्हणाला, "शिकारीसाठी दुसऱ्यांना लीजवर दिलंय." दुसऱ्याने दारच उघडलं नाही, पडद्याआडून बघत राहिला. तिसरीकडे कुत्रा.
परत येताना सुहासला म्हटलं, तुझ्या जॉबसाठी आले मी इथे. तो हसला. मी हसत नव्हते.

१० सप्टें., बुध
एका शिकार-लॉजवाल्याला फोन केला. मोठ्या शिंगांचा नर मिळणारच म्हणे, गॅरंटी. नाश्ता, गाइड, फोटो सगळं पॅकेजमध्ये. भाव आमच्या घरभाड्याहून जास्त. वर विचारतो, "बुकिंग नवऱ्यासाठी का?"
गॅरंटी असेल तर त्याला शिकार कशाला म्हणायचं? बाजारातून कोंबडी आणावी.

१३ सप्टें., शनि
जवळच्या सरकारी जागेतल्या शिकार-परवान्यांची सोडत उन्हाळ्यातच होऊन गेली. दुसऱ्या जागी सोडत नाही, म्हणून बघून आले. दर चार झाडांमागे कुणाचा तरी मचाणाचा स्टँड साखळीने बांधलेला. खाली बिअरचे कॅन, चिप्सची पाकिटं, एका ओंडक्यामागे तर... जाऊ दे. शी! ओढ्यावर बूट धुतले आणि परत.
आईचा पुण्याहून फोन. तिला अजून वाटतं मी नुसती तिरंदाजी करते.

१४ सप्टें., रवि
जागा मिळाली! आणि कुठे, तर मंडळाच्या मीटिंगमध्ये, भोंडल्याच्या खिरापतीवर चर्चा चालू असताना. मोहनकाका म्हणजे आमचे घरमालक. म्हणाले, "अगं मीनल, माझी जमीन आहे की! दोन तासांवर. फुकट जा. आपल्या माणसाकडून कसले पैसे घ्यायचे?" काकूंनी तोंड वाकडं केलं, "नवरात्रात तरी नको हं." म्हटलं, मी दसरा झाल्यावरच बसणार.
काकांचा एक बिझनेसवाला मित्र डेव्ह तिथे जातो. त्याने ओढ्याची बाजू धरलीय, मी टेकडीची धरायची.

२० सप्टें., शनि
जाऊन आले. ओकची जुनी झाडं, खाली त्यांच्या फळांचा, एकॉर्नचा सडा, वाटा हरणांनी तुडवून मऊ झालेल्या. झाड ठरवलं, स्टँड लावला. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. इराला म्हटलं, यंदा डबाभर खिमा. "प्रॉमिस, आई?" प्रॉमिस.

४ ऑक्टोबर, शनि

पहाटे चढून बसले. वारा फिरला आणि ओढ्याकडून वास आला. आधी वाटलं कोल्हा मेला असेल. उजाडल्यावर राहवेना, उतरून गेले. नाल्यात हरणं, एकावर एक टाकलेली. सगळे नर, सगळ्यांची मुंडकी कापून नेलेली. मांसाला हात लावलेला नाही. पोटं फुगून फुटलेली, अळ्या. सीझन बुधवारी उघडला. ही हरणं त्याच्या कितीतरी आधीची. वर डेव्हच्या मचाणासमोर मक्याचा ढीग. इथे मका टाकून हरणं बोलवायला बंदी आहे, हे लायसन्स काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.
मी स्वतः मारते. पहिलं हरीण पडलं तेव्हा रडले होते. लिंडा, माझ्या पीएच.डी.च्या गाइडची बायको, जिने मला हे सगळं शिकवलं, म्हणाली होती, रड, पण आधी साफ कर, मांस खराब होईल. एक तुकडा वाया घालवला नाही आम्ही. आणि हे?
मोबाइलवर फोटो काढले. स्टँड काढून आणला.
इरा दारातच, "डिड यू गेट वन?" नाही म्हटलं. आंघोळ करूनही वास जाईना.

५ ऑक्टो., रवि
काकांकडे गेले. फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.
"अगं, हरणंच ना ती? हजारो आहेत."
"काका, सीझनच्या आधी मारलीयत. नुसत्या शिंगांसाठी."
"डेव्हबरोबर माझं काम अडकलंय. तू तुझ्या टेकडीवर बस, तिकडे बघू नकोस." मग बशीतली चकली पुढे करत, "तुमचं घराचं ॲग्रीमेंट डिसेंबरात संपतंय ना?"
चकली घेतली नाही. हा माणूस गणपतीत सगळ्यांच्या आधी टाळ हातात घेतो.

७ ऑक्टो., मंगळ
कोजागिरीचं मसाला दूध काकूंनी खास घरी आणून दिलं. "काकांच्या मनात काही नाही हं. तूही ठेवू नकोस." बदाम-केशर भरपूर. सिंकमध्ये ओतलं.
सुहासशी वाजलं. "यार मीनल, इराची शाळा आत्ता कुठे सुरू झालीय. परत घर शोधायचं? मेलेल्या हरणांसाठी?" म्हटलं, मेलेल्यांसाठी नाही, उरलेल्यांसाठी. तो म्हणाला, तू तरी काय करतेस तिथे, मारतेसच ना?
इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊनही त्याला फरक कळत नसेल तर...

९ ऑक्टो., गुरु
वाइल्डलाइफ ऑफिसरला फोन केला. नाव सांगितलं. लपवून काय करायचं? शनिवारी सकाळी फाटकाशी भेटायचं ठरलं, जागा मी दाखवायची. सुहासला सांगितलं. नवऱ्यापासून चोरून करायचं नव्हतं. तो "बरं" एवढंच म्हणाला आणि लॅपटॉपकडे वळला.

११ ऑक्टो., शनि
गाडीत बसून लिहितेय. फाटकाशी. ऑफिसर वाटेत आहे.
लवकर पोचले, म्हणून बाहेरच्या रस्त्याने नाल्यापर्यंत चालत गेले. नाला बुजवलाय. ताजी काळी माती, तिच्यावर यंत्राच्या चाकांचे रुंद ठसे. मक्याचा दाणा नाही. मचाण नाही. कुणीतरी काल दिवसभर राबलंय. वास मात्र आहे. माती टाकली म्हणून तो थोडाच जातो.
ऑफिसर आज येणार हे मी आणखी कुणालाच सांगितलं नव्हतं. लिंडालाही नाही. फक्त सुहासला.
आत्ता त्याचा मेसेज: "काका घरी आलेत. रागावलेले नाहीत. ये, बसून बोलू."
वळणावर ऑफिसरचा हिरवा ट्रक दिसतोय. माझ्याकडे फोटो आहेत आणि माती उकरायला माझे हात आहेत. घरी गेल्यावर सुहासला काय विचारायचं, ते मात्र अजून ठरत नाहीये.