बाबांचं पायडल

३ मार्च

चि. सौ. चिमणीस दादाचे आशीर्वाद.

बाबांच्या शिलाई मशीनची खटखट काल दुपारी अगदी स्पष्ट ऐकू आली. मशीन भंगारात जाऊन वीस वर्षं झाली, पण कान माझं ऐकत नाहीत. त्याच ठेक्यावर आपण शाळेतल्या कविता पाठ करायचो.

असो. आपल्या गल्लीत गर्दची नशा फार बोकाळलीय. जिन्याखाली सुया सापडतात. आता नवं धोरण आलंय: स्वतःपुरती पुडी सापडली तर कोठडीऐवजी उपचार. त्या उपचार केंद्रासाठी बाबांचं बंद दुकान मागताहेत. निम्मं तुझं, म्हणून तुझी सही हवी. तेरा तारखेला गल्लीच्या सभेत ठरेल. दुकानाशेजारचा न्हावी म्हणतो, गिऱ्हाईक पळेल. मी म्हटलं, सुयांमुळे ते आधीच पळालंय.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

८ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

कवितेची आठवण पोचली. सही मिळणार नाही.

गर्दपायी माझा मुलगा दोनदा आत गेला. दुसऱ्यांदा ह्यांनीच, तेव्हा हवालदार होते, बाप असून धरून दिला. तू त्याची बाजू घेतलीस, तेव्हापासून हे तुझ्याशी बोलत नाहीत. पोरगा सुटला तो घरी आलाच नाही. तीन वर्षं झाली. तेव्हा कुठे होतं तुमचं केंद्र? एक नशा सोडवायला दुसरी गोळी, हे धोरण की लाड?

तुझं पत्र आलं म्हटल्यावर ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. खोकला अंगावर काढू नकोस.

तुझी भांडखोर चिमणी

१२ मार्च

चि. सौ. चिमणीस आशीर्वाद.

कोठडीनं पोरगा सुधारला का? उलट तिथं त्याला या धंद्यातले थोरले भेटले.

आणि लाड म्हणतेस, तर आठव. कवितेत तू अडलीस की बाबा पायडल हळू करायचे. थांबवायचे नाहीत, तुला ओळ सापडेपर्यंत हळू चालवायचे. सदरा उशिरा व्हायचा, पण कविता तुला अजून येते.

सभा उद्या. सही नाही आली तर रुसणार नाही. थोडा रुसेन.

तुझा दादा

ता. क. पाकीट चिकटवणार, तोच दार वाजलं. तुझे निवृत्त हवालदारसाहेब. हातात तुझ्या सहीचा कागद. पेपराआड माझंच पत्र वाचत होते म्हणे, आणि चार दिवस तुझ्या मागे लागले होते. बसा म्हटलं तरी उभेच. विचारताहेत, केंद्राच्या दाराशी माणूस लागेल का. मी म्हटलं, पोलीस बघून पोरं पळतील. तर म्हणाले, साध्या कपड्यांत बसेन. आमचा आलाच, तर या खेपेला दार मी उघडेन.