श्रावण वद्य पंचमीची साक्ष

दाना ओली, लश्कर, ग्वाल्हेर
बुधवार, दुपार

प्रिय शिखा,

आधी एक मागणं. हे पत्र न वाचता फाडू नकोस. पाकिटावर मुद्दाम माझं अक्षर आहे, कारण तुझ्या बाबांचं अक्षर दिसलं की तू पाकीट तसंच परत पाठवतेस हे मला ठाऊक आहे. आणि आता माझ्याच्याने एक ओळही धीर धरवत नाही, म्हणून सांगूनच टाकते: तुझे बाबा सुटले. जामिनावर नाही, शिक्षेत सूट मिळूनही नाही. हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, शिखा! परवा निकाल लागला, काल संध्याकाळी ते जेलच्या दारातून बाहेर आले आणि या घटकेला माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून, मी उडदाची डाळ किती वेळ भिजवली यावरून माझी खरडपट्टी काढताहेत. मी सत्तरीची बाई, पण कालपासून तीनदा वाण्याकडे गेले आणि तिन्ही वेळा साखरच घेऊन आले. अक्षर वाकडंतिकडं येतंय, सांभाळून घे.

सकाळी गल्लीत पेढे वाटले. समोरच्या सुमनताई, ज्यांनी नऊ वर्षांत तुझ्या बाबांचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, त्या पेढा घेता घेता म्हणाल्या, "मी तर पहिल्या दिवसापासून बोलतच होते, लक्ष्मीकांत ऐसा कर ही नहीं सकता." मी त्यांच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला आणि पुढच्या दाराकडे निघाले. आज कुणाशी भांडायचं नाही असं ठरवलंय. शिवाय मला तो अधिकारही नाही, ते पुढे येईलच.

बाबा बरे आहेत. वाळलेत, केस सगळे गेलेत, पण आवाज तोच. जेलमध्ये त्यांना मुदपाकखान्यातच काम होतं. काल रात्रीच्या जेवणाला आम्ही दोघं, तर यांनी कणीक मळली ती वीस माणसांना पुरली असती. परात बघून आम्ही दोघंही इतके हसलो की मला ठसका लागला. मग मी पाहिलं, न्हाणीघराच्या दाराशी ते टॉवेल घेऊन उभे आहेत, आत जात नाहीत. मी म्हटलं, काय झालं? तर कुणीतरी जा म्हणायची वाट बघत होते. मी जा म्हटलं, तेव्हा गेले.

आता त्या दिवसाविषयी. तुला सगळं ठाऊक आहे, पण ते वकिलांच्या आणि मामांच्या तोंडून. माझ्या तोंडून कधी ऐकलं नाहीस. पडावच्या ज्या हॉटेलात बाबा स्वयंपाक करायचे, तिथले मॅनेजर दिग्विजयसिंह बावीस ऑगस्टला भरदुपारी कोठीघरात मारले गेले. आदल्या दिवशी बाबांचं त्यांच्याशी सगळ्यांसमोर कडाक्याचं भांडण झालं होतं, एवढ्यावरून पोलीस त्यांच्या दारात आले. पण भांडण कशावरून? तर सुट्टीवरून. आणि सुट्टी कुणासाठी? माझ्यासाठी, ग. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मामंजींचं श्राद्ध होतं आणि तुझ्या बाबांखेरीज श्राद्धाचा स्वयंपाक मी दुसऱ्या कुणाच्या हातचा चालवून घेत नसे. मॅनेजर सोडेनात. बाबा म्हणाले, नोकरी गेली तरी चालेल, वनमालावहिनींचा शब्द मोडणार नाही. त्या दिवशी साडेदहापासून अडीचपर्यंत ते माझ्या स्वयंपाकघरात होते, ओल्या सोवळ्यात, वडे तळत. गुरुजींना त्यांनी आग्रह करकरून खीर वाढली. त्याच वेळेत पडावला माणूस मेला.

साक्ष द्यायला दोन वर्षांनी बोलावणं आलं. तोवर गुरुजी वारले होते. तुझ्या काकांना, माधवरावांना, हृदयाचा त्रास सुरू झाला होता, म्हणून मी एकटी उभी राहिले. जरीकाठी साडी नेसून गेले होते, इतकी मला खात्री होती. सरकारी वकिलांनी हसत विचारलं, माताजी, दोन वर्षांपूर्वीची तारीख तुम्हाला इतकी पक्की कशी आठवते? मी तोऱ्यात सांगितलं की आमच्या घरी तारखा नाही, तिथी चालतात, मामंजींची तिथी श्रावण वद्य पंचमी. त्यांनी तिथल्या तिथे त्या वर्षीचं पंचांग मागवलं, इथल्या बाजारात मिळतं ते, हिंदीतलं. पान उघडून माझ्यापुढे धरलं. सावन कृष्ण पंचमी, चोवीस जुलै. जवळजवळ महिनाभर आधी. "माताजी, इसमें चौबीस जुलाई लिखा है. सही है कि नहीं?"

तुला हे कधी कुणी समजावलं होतं की नाही कोण जाणे. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. आपला वद्य पक्ष त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात जाऊन पडतो, म्हणजे आपली पंचमी बावीस ऑगस्टलाच होती. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून मी दोन्ही पंचांगं एका खिळ्याला टांगत आले आहे. शेजारणींचे सोमवार निम्मे होतात तेव्हा माझे सुरू होतात, यावरून आम्ही दरवर्षी एकमेकींची थट्टा करतो. पण त्या पिंजऱ्यासारख्या चौकटीत, सगळे बघत असताना, माझं डोकं रिकामं झालं. समोर छापलेलं होतं, वकील बोट ठेवून उभे होते. मी म्हटलं, "हां, लिखा तो यही है." लिहिणाऱ्याने ते लिहून घेतलं. मागे तुझे बाबा हात वर करून काहीतरी सांगू पाहत होते, त्यांना गप्प बसवलं. आपल्या वकीलसाहेबांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, ते कागद चाळत राहिले. निकालात तेवढी एक ओळ आली, की बचावाच्या साक्षीदार बाईंनी तारीख चुकल्याचं स्वतः मान्य केलं. जन्मठेप झाली. मामांनी तुला तीच ओळ वाचून दाखवली होती, नाही का?

आता पुढचं लिहिते. इथे पेन जड होतंय, पण थांबणार नाही. डोकं रिकामं झालं ते पाच मिनिटं. कोर्टाच्या आवारातून बाहेर पडायच्या आतच मला सगळं लख्ख आठवलं होतं. घरी येऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, आता जबाब फिरवलास तर खोट्या साक्षीसाठी तुलाच आत टाकतील, मला या वयात हे झेपायचं नाही, गप्प राहा. मी गप्प राहिले. सगळं त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे, कारण ते आता भिंतीवर हार घालून बसलेत. पण पाय माझे होते, कोर्ट दोन मैलांवर होतं आणि निकालाला अजून चार महिने होते. मी गेले नाही. भ्याले. पुढे तुझी आई गेली, तेव्हा बाबांना दोन पोलिसांसोबत चार तासांसाठी आणलं होतं. तू त्यांच्याकडे पाठ करून उभी होतीस. मी तेव्हाही तिथेच होते, फुलं मांडत.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. गेल्या साली त्यांचं वर्षश्राद्ध ठरवायला खिळ्यावरची दोन्ही पंचांगं खाली काढली आणि हातात घेऊन तशीच जमिनीवर बसले. दुसऱ्या दिवशी पिशवीत त्या जुन्या सालाची दोन्ही पंचांगं घातली आणि टेंपोत बसून हायकोर्ट गाठलं. बाबांचं अपील इतकी वर्षं पडूनच होतं. सरकारकडून मिळालेला वकील अंशुल म्हणून, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल, गोरापान, घाईचा. त्याला तिथी-पक्ष समजावता समजावता माझा घसा बसला. आधी त्याला वाटलं म्हातारीला भ्रम झालाय. मग त्याने दोन्ही पानं शेजारीशेजारी ठेवली, अमावास्या मोजली, पौर्णिमा मोजली आणि खुर्चीवरून उठलाच. "आंटी, ये आपने पहले क्यों नहीं बताया?" आणि चहा न पिताच तो कामाला लागला.

एकट्या माझ्या शब्दाला आता कोण विचारणार? म्हणून मी खासगी बाजारात गुरुजींच्या मुलाकडे गेले. गुरुजी रोज एका वहीत लिहून ठेवायचे, कुठे गेलो, काय विधी, कोण हजर. माळ्यावरून पेटी उतरवली, दोघं शिंकून शिंकून बेजार झालो, आणि सापडली! बावीस ऑगस्ट, सोमवार, श्रावण वद्य पंचमी, माधवरावांकडे श्राद्ध, आचारी लक्ष्मीकांत, वडे उत्तम. शिखा, ते शेवटचे दोन शब्द वाचून मी त्या परक्या घरात रडले. वडे उत्तम.

अपिलात नवा पुरावा घेता येतो म्हणे. मला पुन्हा उभं केलं. या वेळी साधी सुती साडी. सरकारी वकील दुसरे होते, पण प्रश्न ठरलेला होता, की मग तेव्हा तुम्ही खोटं बोललात? मी म्हटलं, "खोटं बोलले नाही, साहेब. चूक झाली, आणि ती त्याच दिवशी कळूनही मी गप्प बसले. ते खोट्याहून वाईट आहे." अंशुलने कपाळाला हात लावला. हे त्याने मला शिकवलेलं नव्हतं. न्यायमूर्तींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा घातला आणि म्हणाले, लिहून घ्या. मला वाटलं होतं मला आता पकडणार. पकडलं नाही. परवा निकाल वाचताना बाबांचं नाव आणि दोषमुक्त हा शब्द एका दमात आला, तेव्हा मी कोर्टात उभी राहून टाळी वाजवली आणि शिपायाने मला दटावून खाली बसवलं.

सगळे म्हणताहेत, देर से सही, न्याय मिळाला. मी आनंदाने वेडी झाले आहे, तरी हे मला पटत नाही. सुटका मिळाली. निकाल बेचाळीस पानांचा आहे, मी चष्मा लावून सगळा वाचला, त्यात तुझी आई कुठेच नाही, तुझी पंधरा ते चोवीस ही वर्षं नाहीत. आणि बाहेर व्हरांड्यात दिग्विजयसिंहांची बायको बसली होती. नऊ वर्षं ती एका माणसाचा राग करून जगली, आता तोही तिच्या हातातून गेला. तिच्या नवऱ्याला कुणी मारलं हे कुणी तिला सांगितलं नाही. आता सांगेल असंही दिसत नाही. निकालासाठी पोलिसांनी आणलेले बाबा तिच्यासमोर जाऊन हात जोडून उभे राहिले, तिने मान फिरवली नाही एवढंच. खरा न्याय असतो की नाही ते मला ठाऊक नाही. एवढं कळलं, की कोर्टात तो आपोआप शिजत नाही. ज्याला जे माहीत आहे ते त्याने तिथे नेऊन ठेवावं लागतं, आणि मी माझं घरी ठेवून घेतलं होतं.

बाबांना मी सगळं सांगितलं, काल, ते हातपाय धुऊन बसल्यावर. त्यांना आधीपासून ठाऊक होतं. म्हणाले, वहिनी, तुम्हाला आठवलं असणार हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मग विचारलं, उडदाची डाळ आहे का घरात. तुला लिहू का म्हटलं तर म्हणाले, तिला त्रास नको, ती सुखात असू दे. तू परत पाठवलेली पाकिटं त्यांनी एका दोरीने बांधून आणली आहेत, सामान म्हणून तेवढंच. म्हणजे हे पत्र मी त्यांच्या नकळत लिहिते आहे, वडे तळल्याचा आवाज ऐकत.

आणि ते का, तेही सांगते. मी पहिली साक्ष देऊन खाली आले तेव्हा तू कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी होतीस, सतरा वर्षांची, पोटाशी वह्या धरून. तू माझा पदर धरलास आणि विचारलंस, "काकू, बाबा त्या दिवशी खरंच तुमच्याकडे होते ना?" मला तोवर सगळं आठवलं होतं. आणि मी म्हटलं, ऊन फार आहे, घरी जा. तू पदर सोडलास. तुझ्या डोळ्यांत काहीतरी मिटलं ते मी पाहिलं. बाबांची शिक्षा मला वाटतं तिथे झाली, वरच्या खोलीत नाही. कोर्टाने विचारलं त्याचं उत्तर मी देऊन आले, पण तू विचारलेलं अजून बाकी आहे. हो, शिखा. होते. साडेदहापासून अडीचपर्यंत, माझ्या डोळ्यांसमोर, चुलीपाशी, आणि मध्येच एकदा त्यांनी चार वडे पानात बांधून बाजूला ठेवले. मी विचारलं, कुणाला? तर म्हणाले, शिखाला आवडतात, संध्याकाळी नेईन.

तुझीच, उत्तर द्यायला फार उशीर केलेली,
वनमालाकाकू