टोळांचे पाच महिने

रामदासपेठ, नागपूर
२ सप्टेंबर २०२५

श्री. मधुकरदादास,
पुष्पलताचा सलाम, वि. वि. फोनवर तू ओरडतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हा कागद.

आई तुझ्या हुडकेश्वरच्या घरी आहे म्हणून इतके दिवस मी तोंड दाबून बसले. एप्रिलात हाडाच्या कॅन्सरचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी दिलेलं मॉर्फिन तू कपाटात कुलपात टाकलंस. काहून, तर गुंगीत प्रार्थना होत नाही! वर तिला सांगितलंस की बायबलात शेवटच्या काळातल्या टोळांना देवाने माणसं छळायला पाचच महिने दिले आहेत, तसं हे दुखणंही पाच महिन्यांत थांबेल. ती बिचारी रोज प्रार्थनेनंतर कॅलेंडरवर फुली मारत गेली. परवा शेवटची फुली झाली. थांबलं का गा दुखणं? मी नर्स आहे, मला नको शिकवू. आजच्या आज कुलूप काढ.

अजून तरी तुझी बहीण,
पुष्पलता

हुडकेश्वर
५ सप्टेंबर

सौ. पुष्पलतास सलाम.
मी चर्चच्या मंडळीचा वडील, म्हणजे एल्डर आहे. ड्युटीच्या नावाखाली चर्च बुडवणारीनं मले शास्त्र सांगू नये. गिनती जरा चुकली, इतकंच. ती रिपोर्टापासून नाही, मंडळीनं आईसाठी उपास धरला तेव्हापासून धरायची. म्हणजे ऑक्टोबरअखेर. आईले तसं सांगितलं. ती एक शब्द बोलली नाही. याले विश्वास म्हणतात वं!

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.
मधुकर

रामदासपेठ
८ सप्टेंबर

चि. मधुकर यास आईचा आशीर्वाद.
काल तू चर्चले गेला, तेव्हा मीच पुष्पीले बोलावलं आन् तिच्या घरी आली. तिच्यावर चिडू नको. तिनं डॉक्टराकडून नवं आणलेलं औषध घेतलं आन् मी पहिल्यांदा कूस बदलून झोपली. उठल्यावर शुद्धीत प्रार्थनाही केली.

मी बोलली नाही, तो विश्वास नव्हता बाप्पा. ओरडू नये म्हणून पदर दातात धरला होता.

शास्त्र मीही वाचते. देवानं मर्यादा घातली ती टोळांले, सोसणाऱ्याले नाही. इतकेच दिवस, त्याच्यापुढं एक दिवसही छळायचं नाही, असं त्यानं छळणाऱ्यालेच बजावलं. टोळांनीही ते ऐकलं असतं. तारीख पुढं ढकलली तू.

कॅलेंडर तुझ्याच भिंतीवर ठेवून आली. भेटायले ये, पण कुलपाची चावी पुष्पीच्या हाती दे, मंगच माझ्या खाटेजवळ बस.

तुझी आई,
इंदुबाई