मधलीला सुट्टी नाही

रामाकोना, ६ ऑगस्ट २०२५

चि. प्रणालीस अनेक आशीर्वाद.

फोनवरचं तुझं बोलणं मला आताशा ऐकू येत नाही, म्हणून हा कागद. संत्र्याची फळगळ सोडली तर घरी सगळं ठीक. नातीला पाहायला कुलदीपनं अमेरिकेला बोलावलं आहे. पण तुझ्या या भावानं कॅलेंडर न पाहता नेमकं बावीस तारखेचं, पोळ्याच्या दिवसाचं तिकीट काढलं. शकुबाईआत्या रुसून बसली आहे. कोणत्या दिवशी कोणतं विमान जाईल ते तूच ठरवतेस ना? मग म्हाताऱ्याला जरा चांगलं दे. आणि तुमच्या विमानांचा पोळा कधी असतो, तेही कळव.

लोभ आहेच, तो वाढत राहो.

भगवंतरावाचे आशीर्वाद


दिल्ली, ११ ऑगस्ट

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

आमच्या विमानांना पोळा नाही, बाबा. सोळा तास न थांबता उडणारी विमानं कंपनीकडे तीनच. आम्ही त्यांना थोरली, मधली, धाकटी म्हणतो. एक जाते, एक येते, तिसरी निघायच्या तयारीत असते. मधलीचं उजवं इंजिन महिनाभर जास्त तेल पिऊन राहिलं आहे. नीट तपासायचं तर तिला दोन दिवस उभी ठेवावी लागेल, आणि मग एक फेरी रद्द होते. साहेब म्हणाले, तेल अजून मर्यादेत आहे, उडू द्या. मला मात्र भीती वाटते, कारण अर्ध्या वाटेत खाली नुसता समुद्र असतो.

बावीसच्या फेरीला मधलीच येत होती. मी अदलाबदल करून तुमच्यासाठी थोरली लावली. मधली आता चोवीसला जाईल. हे कुणाला सांगू नका, आणि तारीख अजिबात बदलू नका.

तब्येत जपा, माया असू द्या.

तुमची प्रणाली


रामाकोना, १६ ऑगस्ट

चि. प्रणालीस आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. कालच मी पोळ्यापायी तिकीट चोवीसचं करून घेतलं होतं. कुलदीप म्हणतो, परत बदलता येतं. मी नको म्हटलं.

खरं सांगतो, मला तुझा राग आला. आपला लंगडता बैल आपण कधी दुसऱ्याच्या वखराला दिला नाही. चोवीसला बसणाऱ्यांचं तुझ्या ऑफिसात कोणी नव्हतं. आता तुझा बाप त्यांच्यात आहे. पुढचं तू पाहा.

राग गेला की लोभ आहेच.

भगवंतरावाचे आशीर्वाद


दिल्ली, २१ ऑगस्ट

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

तुम्ही रागावलात ते बरोबर. परवा मी मधलीला वेळापत्रकातून काढलं आणि कारण लेखी दिलं. संध्याकाळी साहेबांनी मलाच त्या कामावरून काढलं. आज पाहिलं, तर चोवीसच्या फेरीला परत मधलीच आहे. वरही तक्रार केली आहे, उत्तर आलेलं नाही. रात्री झोप लागत नाही.

माझ्या शेजारची तृप्ती आज आपल्याकडे सौंसरला निघाली आहे, तिच्याच हाती हे पत्र देते. पोळा नीट करा, बैलांना माझ्या नावानंही पुरणपोळी भरवा. मग ठरल्याप्रमाणे नागपूरहून दिल्लीला या, पण पुढच्या विमानात चढू नका. माझा विमानतळाचा पास अजून कुणी काढून घेतलेला नाही. मी गेटपाशी उभी राहते. सगळे रांगेत असताना तुम्ही मला विचारा, का चढायचं नाही म्हणून. मी तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगेन.

माया असू द्या, आता जास्तच.

तुमची प्रणाली