गेटच्या यादीतलं चौथं नाव

६ नोव्हेंबर, गुरुवार
कंपनीची सुट्टी गुरुवारी, म्हणून आमचं रडणंही गुरुवारी. चाकणला, समाजमंदिराच्या हॉलमध्ये. कँटीनमधल्या त्या दुपारच्या हल्ल्यात ज्यांची माणसं गेली ते सगळे. समुपदेशक मेघना मॅडम म्हणतात, "मोकळ्या व्हा." म्हणे मोकळ्या व्हा! माझा नवरा, रवी, जाऊन दोन महिने झाले, आणखी किती मोकळी होऊ?
मागे एकटी बसलेली एक बाई, लता. लातूरकडची. "माझेबी त्याच दिवशी गेले," एवढंच बोलली. उपाशी दिसली. माझा डबाच दिला तिला.

१३ नोव्हें.
कोणाला न सांगितलेलं लताला सांगितलं. त्या सकाळी रवीला ताप होता. आज नाही जात म्हणाला. मी म्हटलं, सगळ्या रजा आत्ताच संपव! गेला बिचारा. लताने हात धरून ठेवला.
मी विचारलं, कोयता घेऊन कामावर निघालेल्या त्या राक्षसाच्या बायकोला कळलं नसेल?
"कळतंय की ताई. बाईला कळतंय."

१७, सोमवार
संपतरावांचा फोन. त्यांचा मुलगाही त्यातच गेला. "अवो, ती लता त्याचीच बायको हाय!"
गुरुवारच्या बैठकीला कोणाला बोलवायचं ती यादी एचआरने गेटच्या मशीनवरून काढली. आत पंच झाले, बाहेर झालेच नाहीत, असे चार. तिघांना मारून त्याने स्वतःचाही गळा चिरला होता. म्हणजे तोही यादीत. मशीनला काय कळतंय. माणसांनी तरी बघायचं!
माझा हात तिच्या हातात होता. शी.

२०, गुरु.
लता आली. डबा रिकामा परत देऊ नये म्हणून शेंगदाण्याची चटणी भरून आणलेली. सोबत मुलगी, सहा-सात वर्षांची. मी सगळ्यांसमोर चटणी कचऱ्यात ओतली. म्हटलं, "खुन्याच्या घरचं आम्ही खायचं?" पोरगी आईकडे बघत राहिली.
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

२४, सोम.
मॅडम म्हणतात, तिन्ही घरांची संमती असेल तरच लता यापुढे गुरुवारी येईल. दोन सह्या झाल्या. संपतरावसुद्धा! "आमच्या सूनबाईचं म्हननं, तीबी रांडवच झाली की." फॉर्म आता माझ्याकडे.
संध्याकाळी लताचा फोन. "त्या दिशी पिशवी मीच दिली त्यांच्या हातात, ताई. जड लागली. इचारलं न्हाई." मी फोन ठेवला.

२६, बुध.
सासूबाईंनी आज पुन्हा विचारलं, "जाताना रवी काय म्हणाला गं?"
"हसत गेला." दर वेळी हेच सांगते.
तापाचं माहीत असलेली बाई जगात एकच. ती समोर बसली तर मी निदान खरं बोलेन. आणि चटणीचा राग धरून तिने सगळ्यांसमोर ते तापाचं बोलून दाखवलं तर? तिच्या जागी मी असते तर सोडलं नसतं.
फॉर्मवर नाव लिहिलं, सही केली. 'हरकत आहे / नाही' यातलं एक खोडायचंय. उद्या गुरुवार.