दुसरं कडवं

तीर्थरूप पण रुसलेल्या दादास,

तळ्याकाठच्या लाकडी खोलीत सामान ठेवत होतो, तेव्हा जागा सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "पलीकडच्या तंबूत एक आजोबा आहेत. रोज सकाळी पाण्याला शाळेतली कविता ऐकवतात, पण पहिल्या कडव्यानंतर थेट तिसरं." माझ्या हातून पिशवीच गळाली. ही चूक तुझ्याशिवाय कोणाची असणार? ताईकडे मी ती चारचौघांत सुधारली आणि तू अकरा वर्षं अबोला धरलास.

बाईंच्या हाती चिठ्ठी द्यावी म्हणून एवढं लिहिलं, तोच तुझा आवाज पाण्यावरून आला. पहिलं कडवं संपताच मी पडवीतून दुसरं म्हटलं. पलीकडून तू मग ओरडलास, "दीडशहाण्या, चहा ठेवतोय. इथे येऊन काय त्या चुका काढ."

चिठ्ठी राहू दे. एक चप्पल सापडत नाही, तरी निघालो.

तुझा,
धाकटा